बागेतला मामा

आटपाडीकडं आमचं रान होतं, पण ते नावाला रान. पावसानं एकदा तोंड फिरवलं ते लागोपाठ दुसऱ्या वर्षीही इकडं वळवलं नाही, आणि गावातली धडधाकट माणसं सरकारी कामावर खडी फोडायला गेली. त्यांत माझे आई-आबाही होते. संध्याकाळी दोघं घरी यायची तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर पांढरी धूळ बसलेली असायची, आणि भर तरुणपणातली ती माणसं मला एकदम म्हातारी दिसायची. रेशनवर मिळणारी लाल ज्वारी आई दळून आणायची. तिच्या भाकरीला पदर सुटत नसे. तव्यावर टाकली की ती वाळल्या चिखलासारखी तडकायची. त्या भाकरीबरोबर हुलग्याच्या पिठाचं माडगं. ते पातळ असेल तर आज पाणी मिळालंय, आणि घट्ट असेल तर मिळालं नाही, हे आम्हा दोघी बहिणींना न सांगता कळायचं. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं घागर भरायची हे माझं काम. वाटी दगडाला घासल्याचा तो आवाज अजून कानात आहे. आजही सून पातेल्याचा तळ चमच्यानं खरवडायला लागली की मी तिथून उठून जाते. तिला वाटतं, सासूला काहीतरी खटकलं.

खडीच्या कामावरच कुणीतरी आबांना सांगितलं, की पलूसच्या खाली कृष्णेकाठाला एका जैन शेतकऱ्याची पेरूची मोठी बाग आहे आणि तिला राखणीला जोडपं पाहिजे. आबांनी विचारायला माणूस पाठवला नाही, निरोपाची वाट पाहिली नाही. आम्ही बोचकी बांधूनच निघालो. निघताना आत्ती, म्हणजे आबांची थोरली बहीण, एस.टी.च्या थांब्यापर्यंत आली. तिचा म्हादू माझ्याहून थोडा मोठा. आमच्याकडं भावाच्या पोरीवर बहिणीचा पहिला हक्क असतो. आत्तीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आबांना म्हणाली, "जा बाबा, जगाय जा. पर ही माझ्या म्हादूची हाय, येवढं ध्यानात ठिव." आबा हसले. मीही हसले. तेव्हा त्यात भिण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

बाग पहिल्यांदा पाहिली तेव्हा सुमन, माझी धाकटी बहीण, आत शिरायला तयार होईना. एवढं हिरवं तिनं पाहिलंच नव्हतं. चहूबाजूंनी घायपाताचं कुंपण, एकच वाट, त्या वाटेला बांबूची ताटी, आणि आत झाडंच झाडं. मधोमध उसाच्या पाचटानं शाकारलेली खोप, तेच आमचं घर. दिवस उजाडायच्या आत राघूंचा थवा यायचा आणि आमचं घर जागं व्हायचं ते डब्याच्या आवाजानं. आबांच्या हातात गोफण, आईच्या हातात फुटका डबा आणि काठी, आणि आम्ही दोघी या टोकापासून त्या टोकापर्यंत हाळ्या घालत पळायचो. माझा आवाज त्या बागेत तयार झाला. पुढं हायस्कुलात इंग्रजी शिकवताना पोरं म्हणायची, बाईंचा आवाज शेजारच्या वर्गात पण ऐकू येतो. येणारच. तो राघू उठवायचा आवाज होता.

बागेचा कायदा एका ओळीचा होता. पडीचं फळ राखणदाराचं, झाडावरचं मालकाचं. खाली पडलेला, राघूनं टोचलेला पेरू आम्ही पोटभर खावा. पण फांदीवरच्या फळाला बोट लावायचं नाही. सगळ्या त्या पट्ट्यात हीच रीत होती. सुमन एकदा तो कायदा विसरली. तिनं हात उंच करून एक पेरू तोडला आणि आबांनी तो तिच्या हातात पाहिला. मारलं नाही. तिचा हात धरला, तोच अर्धा खाल्लेला पेरू तिच्या हातात तसाच ठेवून तिला मालकांच्या घरापर्यंत चालवत नेलं आणि म्हणाले, "आप्पा, माझ्या पोरीनं तोडलाय. आमाला काडा." आई खोपीत बोचकं बांधायला बसली होती. मी ताटीपाशी उभी राहून रस्त्याकडं बघत होते. परत ती लाल भाकरी, परत ती विहीर, परत ती वाटी. आप्पांनी काढलं नाही. सूर्य मावळायच्या आत जेवणारा, जमिनीखालचं काही न खाणारा तो शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, की पोरीला उंच फांदी दाखवू नका म्हणजे झालं. पण बागेतून बाहेर काढलं जाणं म्हणजे काय असतं, ते मी त्या दिवशी शिकले. पुस्तकात वाचायच्या पुष्कळ आधी.

आप्पांचा आणखी एक कायदा होता: बागेतल्या सापाला काठी लावायची नाही. विहिरीकडच्या उंबराखाली मोठं वारूळ होतं आणि त्यात नाग होता. उंदीर-घुशी तो धरायचा, त्याच्या भीतीनं चोरही आत येत नसत. आप्पांचं म्हणणं जीवहत्या नको. आबांचं म्हणणं हा आपल्याहून जुना राखणदार, आपण त्याच्या हाताखाली. आईचं मात्र वेगळंच. तिला सख्खा भाऊ नव्हता. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात. आटपाडीत आई तो उपास भिंतीवर काढलेल्या चित्रासमोर सोडायची, आणि शेजारणी तिच्याकडं जरा कीव केल्यासारखं बघायच्या. इथं तिला भाऊ मिळाला. पंचमीला ती वारुळापाशी लाह्या-दूध ठेवायची, हळद-कुंकू वाहायची. त्या दिवशी आमच्याकडं तवा चुलीवर चढत नसे, विळी हातात घेत नसत, कुदळ मातीला लागत नसे. पुरणाची दिंडं उकडायची आणि गप खायची. आई आम्हाला सांगायची, "तुमचा मामा हाय त्यो. वाटंत दिसला तर थांबायचं, हात जोडायचं, त्याला जाऊ द्यायचं." आम्ही तसंच करायचो. मला एकदा तो ऐन वाटेवर दिसला, फणा काढून. मी थांबले. तो गेला त्या बाजूला पाहिलं तर उंबराखालची विहिरीची कड रात्रीत ढासळलेली. दोन पावलं पुढं टाकली असती तर मी आत असते. आता कुणी म्हणेल योगायोग. मीही शाळेत असंच शिकवलं. पण तेव्हा मी घरी जाऊन आईला सांगितलं, की मामानं मला थांबवलं.

एवढं सगळं सांगायचं कारण पुढं येतंय.

मॅट्रिक झाल्यावर कॉलेजात जायचं मी नाव काढलं तेव्हा आबा बराच वेळ गोफणीची दोरी वळत बसले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत चौथीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "शीक. पर एक वरीस जरी वाया गेलं, तर मग आक्का म्हनंल तसं. मी मधी बोलनार न्हाई." आक्का म्हणजे आत्ती. अट सरळ होती आणि मी ती कबूल केली. म्हादू तोवर मिलिटरीत लागला होता. चांगला होता, दारूबिरू काही नाही. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती आणि हीच माझी अडचण होती.

सांगलीला कॉलेज. सकाळच्या पॅसेंजरनं भिलवडीहून जायचं, संध्याकाळी यायचं. पहिली वर्षं पार पडली. शेवटच्या वर्षाला मी खास विषय इंग्रजी घेतला. का घेतला? खरं सांगायचं तर वर्गातल्या एका मुलीनं मला म्हटलं होतं, तू मराठी घे, तुला जमेल. मी उठले आणि इंग्रजीच्या यादीत नाव घातलं.

इंग्रजीला मराठे सर होते. साताऱ्याचे, उंच, पांढरे कपडे, बोलणं कमी. त्यांनी आम्हाला एक इंग्रजी गोष्ट शिकवली. तिचं आणि लेखकाचं नाव लिहून आता काय करायचं. एक मोठं घर, त्याच्या मागं भिंतीनं वेढलेली बाग, बागेला एकच दार. घरधनी म्हातारा. त्याच्या आश्रयाला असलेली एक मुलगी आणि एक मुलगा. दोघांनी बागेत कुठंही फिरावं, फक्त टोकाच्या एका झाडाकडं जाऊ नये. उन्हाळ्यातल्या एका दुपारी गवतातून साप येतो, मुलगी त्याच्याकडं बघत बघत त्या झाडापर्यंत जाते, फळ तोडते, मुलाला अर्धं देते. दुसऱ्या दिवशी बागेचं दार बंद, आणि दोघं बाहेर. म्हातारा एक शब्द बोलत नाही. गोष्ट संपली. सरांनी फळ्यावर 'गार्डन' लिहिलं, त्याभोवती गोल काढला, आणि म्हणाले, हिचा अर्थ तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. पहिल्या बाकावरच्या कॉन्व्हेंटच्या मुलींनी माना हलवल्या. मीही हलवली. मला काय, बाग माहीत होतीच. वर्गात माझ्याएवढी बाग कुणाला माहीत होती? आणि गोष्टीत साप आला तेव्हा तर, त्या परक्या भाषेत, परक्या नावांच्या माणसांत, मला पहिल्यांदा कुणीतरी आपलं भेटल्यासारखं वाटलं.

दिवाळीच्या आधीच्या सहामाहीत प्रश्न आला, या गोष्टीतल्या बागेचा अर्थ स्पष्ट करा. मी पुरवण्या लावून लिहिलं. साप हा बागेचा जुना राखणदार. तो मुलीला अडवायला आला होता. तिनं थांबून हात जोडायला हवे होते, म्हणजे तो वाट सोडून गेला असता आणि तीही परत फिरली असती. तिनं त्याचं ऐकलं नाही. शिवाय फळ पडीचं नव्हतं, तोडलेलं होतं, म्हणून मालकाला दुसरा इलाजच नव्हता. मोडक्या इंग्रजीत, पण मनापासून लिहिलं. पेपर देऊन आले त्या दिवशी मी गाडीत खिडकीशी बसून खुशीत होते.

दिवाळीनंतर सरांनी पेपर वर्गात आणले आणि माझा वाचून दाखवला. नाव घेतलं नाही, पण 'राखणदार' शब्द मी इंग्रजीत तसाच लिहिला होता, आणि राखणदाराची मुलगी वर्गात एकच होती. हसण्याची लाट मागच्या बाकांपर्यंत गेली आणि परत पुढं आली. तास संपल्यावर सरांनी थांबायला सांगितलं. ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुमच्या गावात सापाला दूध ठेवत असतील. पेपर तपासणारा ठेवणार नाही." मग म्हणाले, की या गोष्टीवर प्रश्न येणार म्हणजे येणार, आणि असं लिहिलंत तर नापास होणार. त्यापेक्षा यंदा परीक्षेला न बसता वर्षभर थांबा, पाया पक्का करा. मी एवढंच म्हटलं, "सर, वर्ष थांबता येणार नाही." का, ते त्यांनी विचारलं नाही. संक्रांतीच्या आत घरी येऊन मला ती बाग समजावून सांगा, मग ठरवू, म्हणाले. आणि ती कशावरून समजून घ्यायची, तर बायबलच्या पहिल्या पानांवरून.

बायबल मी पाहिलं नव्हतं. कॉलेजच्या वाचनालयातलं काढलं तर इंग्रजी असं, की एकेक ओळ म्हणजे बाभळीचं काटेरी फांजर. घरी कुणाला काही बोलले नाही. राघू उठवताना हाळी घालायचे, आणि हाळी घालता घालता मनात हिशेब चालायचा, की संक्रांत किती लांब राहिली. भाकरी अर्धी टाकून उठायचे. आईनं ओळखलं, पण तिला वाटलं थंडी बाधलीय.

त्याच पॅसेंजरला सुवार्ताबाई असायच्या. मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स. भिलवडीला स्टेशनजवळ राहायच्या. जाडजूड, हसऱ्या, डब्यात रोज काहीतरी ज्यादा आणून बाकावर वाटणाऱ्या. त्या ख्रिस्ती आहेत हे सगळ्या डब्याला माहीत होतं. बरेच दिवस मी मनाची तयारी करत होते. एक दिवस शेजारी जागा मिळाली तेव्हा विचारलं. त्यांनी पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याचं मराठी पुस्तक काढलं आणि मला वाटलं होतं तसं काही प्रवचन न देता म्हणाल्या, "भिलवडी ते सांगली. तेवढ्यात जेवढं होईल तेवढं रोज वाचू. तू वाच, मी डबा खाते. दवाखान्यात खायला मिळत नाही मला."

अशी मी एदेन नावाची बाग वाचली, गाडीच्या खडखडाटात, भेंडीच्या भाजीच्या वासात. पहिल्यांदा सगळं ओळखीचं निघालं. मालकानं लावलेली बाग. त्यात ठेवलेलं जोडपं, मशागत करायला आणि राखायला. सगळी झाडं तुमची, मधलं एक सोडून. मी बाईंना म्हटलं, "हे तर आमचंच." मग विचारलं, की त्या बाईनं फळ पडीचं खाल्लं का तोडून? बाईंच्या घशात घास अडकला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "अगं, लहानपणापासून वाचतेय, पण हे कुणी विचारलं नाही. तोडून खाल्लं. तोडूनच."

आणि मग साप आला. मी वाचत गेले आणि माझा आवाज बारीक होत गेला. तो अडवायला आलेलाच नव्हता. त्यानंच फसवलं. त्यानंच भुलवलं. त्याच्यामुळंच सगळं गेलं. आणि त्याला शिक्षा ही, की पोटावर सरपटावं, माती खावी, आणि बाईमाणसाचं आणि त्याचं कायमचं वैर. पुस्तक मिटून मी बाईंकडं दिलं. बाहेर नांद्र्याच्या आसपासचा ऊस पळत होता. मला एकदम आईचा उपास आठवला. बाईमाणसाचं आणि त्याचं वैर? आमच्या घरातली बाई तर वर्षातून एकदा त्याच्यासाठी उपाशी राहते.

डब्यात भाजी विकायला जाणारी आमच्याकडची एक बाई होती. तिनं जे पाहिलं ते आईला सांगितलं, आणि जे पाहिलं नाही तेही सांगितलं. खोपीत शिरले तेव्हा आई चुलीपुढं बसलेली, विस्तव नसताना फुंकत होती. विचारलं, "ती बाई काय वाचून दावती तुला?" मी सांगितलं, बागेची गोष्ट आहे, अभ्यासातली. एक जोडपं राखणीला असतं, एक झाड असतं, साप असतो. आईनं फुंकणी खाली ठेवली. "आन् नागोबा काय करतो त्यात?" मी म्हटलं, अजून तिथवर आलो नाही. आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

बातमी आटपाडीला पोचायला वेळ लागला नाही. आत्ती आली. म्हादू सुट्टीवर येणार होता, त्या निमित्तानं. खोपीच्या दारात पाय पसरून बसली, पेरू खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाली, "आसं ऐकतीया, सून माझी येसूची झाली. लगनात अक्षता टाकायच्या का मेनबत्त्या लावायच्या, तेवढं आदी सांगा, म्हंजी मला बाजार करता ईल." सुमन फिसकन हसली. मी नाही. आबा म्हणाले, "आक्का, सरानं संक्रांतीच्या आत बोलावलंय. त्यो न्हाई म्हनला, तर तुजं खरं." म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. कुठून कळलं, ते मी कधी विचारलं नाही. आत्ती म्हणाली, मग मी संक्रांतीपर्यंत हितंच ऱ्हाते. आणि राहिली. तिच्या घोरण्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आई. आणि तिघींमध्ये न बोललेला साप.

सरांचं घर सांगलीतल्या विश्रामबाग भागात होतं. परक्या पुरुषाच्या घरी मुलीनं एकटीनं जायचं नाही, म्हणून आबा बरोबर आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात पेरूंचं फडकं. ते आत यायला तयार होईनात, पायरीवर बसले. फडकं सरांच्या पुढं ठेवून म्हणाले, "पडीचं हायत साहेब. झाडावरचं आमचं न्हवं, त्ये द्यायचा हक न्हाई." प्रत्येक पेरूला राघूची चोच लागलेली. सरांच्या बायकोनं ते जरा लांबूनच उचलले. मला जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. आज त्या प्रसंगाची लाज वाटत नाही, अभिमान वाटतो. पण तेव्हा लाजच वाटली, हे लिहायला हवं.

सर म्हणाले, सांगा. मी एदेनपासून सुरुवात केली. मालक, जोडपं, झाड, मनाई. सर मान हलवत होते. गोष्टीतला म्हातारा म्हणजे कोण, ते सांगितलं. भिंत, एकच दार, दुपारची वेळ, सगळं कुठून आलंय ते सांगितलं. आणि सापापाशी येऊन थांबले. पायरीवरून आबांची पाठ दिसत होती. आपल्या तोंडून आता काय निघणार ते त्यांच्या कानावर पडणार, आणि त्यांच्याकडून आईच्या, हेच डोक्यात. सरांनी विचारलं, "आणि सर्प?" मी पायरीकडंच बघत राहिले. सर खुर्चीवरून उठायला लागले, तेव्हा मी बोलले.

"सर, त्यांच्या शास्त्रात तो फसवतो. आमच्यात तो राखतो. गोष्ट लिहिणारा त्यांच्यातला, तेव्हा साप पण त्यांच्यातलाच धरायला पाहिजे. माझं चुकलं ते एवढंच, की मी आमचा साप त्यांच्या बागेत सोडला."

सर परत बसले. मग म्हणाले, आता हेच इंग्रजीत. मी अडखळत, घाम पुसत, क्रियापदं मागंपुढं करत सांगितलं. त्यांनी दोन जागी दुरुस्त केलं, तिसऱ्या जागी केलं नाही. फडक्यातला एक पेरू घेतला, राघूनं टोचलेल्या बाजूनंच चावला, आणि म्हणाले, "पेपरात आधी त्यांचा साप लिहा. पूर्ण. मग वेळ उरला तर तुमचा." परीक्षेला बसू का, असं मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही असं दाखवून ते म्हणाले, "मग हे इतका वेळ काय चाललं होतं?"

फलाटावर बसल्यावर आबांनी विचारलं, "त्या बागंला राखन कोन हुता?" मी म्हटलं, आधी त्या जोडप्याशिवाय कुणी नव्हता, दोघांना बाहेर काढल्यावर मग मालकानं दारावर तलवारवाला ठेवला. गाडीची घंटा झाली. उठता उठता आबा म्हणाले, "आदी ठेवाय पायजे हुता. माणसं घालवल्यावर राखन कशाची करायची?" आणि जरा वेळानं, "सापाला उगच नाव."

त्या संध्याकाळी मी आईला सगळं खरं सांगितलं. आत्तीही ऐकत होती. आईनं शेवटपर्यंत ऐकलं, उठली, उंबराच्या दिशेनं हात जोडले. म्हणाली, "त्यांच्यातला असंल तसला. आमचा न्हाई. घरागणिक मामा येगळा असतो." आत्तीनं तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या दिवशी तिळगूळ देऊन बोचकं उचललं. जाताना म्हणाली, परीक्षा अजून व्हायची हाय.

ती व्हायची होतीच. प्रश्न आला, बागेवरच आला. मी आधी त्यांचा साप लिहिला, एकही कोपरा न सोडता. घंटेला थोडा वेळ होता. शेवटच्या अर्ध्या पानात मी लिहिलं, की या गोष्टीच्या वाचकांत असेही लोक आहेत ज्यांच्या बागेत साप हा राखणदार असतो, आणि अशा वाचकाला त्या दुपारच्या गवतात धोका दिसत नाही, धीर दिसतो. लिहून झालं आणि भीती वाटली, हे खोडावं का? पेन कागदावर टेकवलं. घंटा झाली. पेपर ओढून नेला. मग सबंध उन्हाळा त्या अर्ध्या पानानं मला झोपू दिलं नाही. आत्तीकडून निरोपावर निरोप येत होते, म्हादूची सुट्टी पुन्हा मंजूर झाली होती, आणि आबा आपल्या शब्दाचे पक्के होते.

निकाल कॉलेजच्या फळ्यावर लागला. गर्दीत मला पुढं जाता येईना. सुवार्ताबाई त्या दिवशी मिरजेला न जाता सांगलीलाच उतरल्या होत्या. त्यांनी आपल्या अंगानं वाट केली आणि मला पुढं ढकललं. मी माझा नंबर वाचला, बोटानं आडवी ओळ धरून परत वाचला. बाहेर येऊन बसले, आणि आल्यावाटे परत जाऊन तिसऱ्यांदा वाचला. बागेत पोचले तेव्हा आबा गोफण घेऊन टोकाला होते. तिथूनच त्यांनी हात वर करून विचारलं. मी राघू उठवायच्या आवाजात सांगितलं. थवाच्या थवा उडाला. म्हादूचं लग्न पुढं विट्याकडच्या एका मुलीशी झालं आणि आत्तीनं तिचं माझ्यापेक्षा जास्त कौतुक केलं. आईनं त्या वर्षीच्या पंचमीला वारुळापाशी दुधाची वाटी ठेवली, आणि तिच्याशेजारी पेढा.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. दुसऱ्या वर्गात. आमच्या दोन्ही घराण्यांत पहिली.